नमुन्याची पूर्वस्मृती

पाणी गोठते आणि तूप थिजते. या दोन क्रियापदांची अदलाबदल करणाऱ्या माणसावर दिगंबर निमकर्डे यांचा विश्वास बसत नसे. बर्फ वितळतो, साखर विरघळते. 'बर्फ विरघळला' असे लिहिणाऱ्या एका उमेदवाराला त्यांनी मुलाखतीतूनच परत पाठवले होते. निवड समितीतल्या इतरांनी हरकत घेतली तेव्हा "ज्याला दोन शब्दांतला फरक दिसत नाही, त्याला दोन अंशांतला दिसेल याची हमी कोण देणार?" असे विचारून त्यांनी समितीलाही गप्प केले होते.

अकोल्याच्या स्निग्धद्रव्य मापनशाळेत त्यांची एकतीस वर्षे गेली. त्यांतली बरीचशी तुपात. केसासारख्या बारीक काचनळीत तुपाचा नमुना भरायचा, मिनिटाला अर्धा अंश या गतीने तो तापवायचा आणि नळीतला धुरकटपणा नेमका कोणत्या अंशाला नाहीसा होतो ते टिपायचे. एवढ्यावरून तुपात कोणती चरबी मिसळली आहे हे ते सांगत. मापनशाळेची हवा बारा महिने वीस अंशांवर बांधलेली असे. बाहेर अकोल्याचा मे महिना सत्तेचाळीसला पोचो, आत निमकर्डे स्वेटर घालून बसलेले असत. त्यांचा मुलगा प्रद्योत लहानपणी मित्रांना बजावत असे, "आमच्या बाबांना ताप किती म्हणून विचारू नका. दुसऱ्या दशांशापर्यंत सांगत बसतील."

स्निग्धद्रव्याच्या मापनाची जी संहिता देशभर वापरली जात होती, ती त्यांनी लिहिली होती; आणि तिच्यातल्या सातव्या कलमासाठी ते तीन बैठका भांडले होते. कलम असे होते: 'मापनापूर्वी नमुना साठ अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटे तसाच ठेवावा व त्याची पूर्वस्मृती पुसून घ्यावी. पूर्वस्मृती न पुसता घेतलेले वाचन ग्राह्य धरू नये.' स्निग्धाला स्मृती असते, हे विधान काव्यातले नव्हे. कढवलेले तूप सावकाश निवले की त्यात रवा पडतो. घाईने निवले की ते गुळगुळीत राहते. रवाळ तूप जेमतेम पातळ करून पुन्हा थिजू दिले, तर रवा पुन्हा जिथल्या तिथे उभा राहतो. कारण वरून पातळ दिसणाऱ्या तुपात जुन्या कणांचा आराखडा शिल्लक असतो. म्हणून एकाच भांड्यातले तूप दोन घरी दोन वेगळे अंक दाखवते. हा घरोघरचा इतिहास मोजणीत घुसू नये, प्रत्येक नमुना मोजणाऱ्यापुढे जणू आजच जन्मलेला यावा, असा निमकर्डे यांचा आग्रह होता. आग्रह शास्त्रशुद्ध होता. त्याच आग्रहाने पुढे घात केला.

*

तुपाची शाळा माणसांकडे वळली ती २०४० च्या उन्हाळ्यानंतर. त्या मे महिन्यात एकट्या वऱ्हाडात अकरा हजार माणसे उष्म्याने गेली. त्यांत निमकर्डे यांची पत्नी होती. वीज गेलेल्या एका दुपारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात.

माणूस उष्म्याने मरतो म्हणजे काय होते, याचे एक उत्तर पेशीच्या आवरणात आहे. ते आवरण स्नेहाम्लांच्या साखळ्यांचे बनलेले असते. (सरकारी कागदांत 'मेदाम्ल' असे लिहीत, निमकर्डे यांनी हट्टाने 'स्नेहाम्ल' करून घेतले होते.) यांतल्या काही साखळ्या सरळ असतात. त्या पुड्यातल्या उदबत्त्यांसारख्या एकमेकींना चिकटून गच्च बसतात आणि सहजी ढळत नाहीत; म्हणून स्टिअरिक आम्ल वितळायला जवळजवळ सत्तर अंश लागतात. काहींना मध्येच एक बाक असतो. वाकडी उदबत्ती पुड्यात नीट बसत नाही, शेजारणींनाही बसू देत नाही. म्हणून तितक्याच लांबीचे ओलेइक आम्ल चौदा अंशांलाच पातळ होते. पेशीचे आवरण या दोहोंच्या मिश्रणाने ना पातळ ना घट्ट असे राहते आणि या मधल्या अवस्थेलाच आपण जिवंतपणा म्हणतो. उष्मा वाढला की आवरण सैल पडते, गळू लागते. ज्या अंशाला ते गळते तो शिथिलांक. उलट बाजूने, ज्या अंशाला ते कडक होऊन काम सोडते तो थिजणांक.

नागपूरच्या एका प्रयोगशाळेने असे तेल घडवले की ते रोजच्या जेवणातून पोटात गेल्यावर त्यातल्या सरळ साखळ्या पेशींच्या आवरणांत जाऊन बसत आणि शिथिलांक दीड-दोन अंशांनी वर सरके. दीड-दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. उष्माघातात माणूस आणि मढे यांच्यामध्ये तेवढेच अंतर असते. तेलाला 'दृढस्नेह' असे नाव पडले. प्रश्न राहिला तो थिजणांकाचा. आवरण उन्हाला बळकट केले, तर ते थंडीत आखडणार नाही कशावरून? हे मोजण्याचे काम निमकर्डे यांच्याकडे आले. त्यांनी चार महिने मोजले आणि अहवालाखाली सही केली: थिजणांक १९.४ अंश. माणसाच्या शरीरात सदतीस, बोटांच्या टोकांत कडाक्याच्या थंडीतही बहुधा वीसच्या वरच. भीतीचे कारण नाही.

प्रद्योत तेव्हा पंचवीस वर्षांचा, उच्चदाब वीजवाहिनीच्या मनोऱ्यांवर काम करणारा पर्यवेक्षक. तेलाच्या पहिल्या तुकडीसाठी माणसे हवी होती. त्याने विचारले, "घेऊ का बाबा?"

"घे," निमकर्डे म्हणाले. "मी स्वतः मोजलेले आहे."

*

सात उन्हाळे गेले. दृढस्नेह रेशनच्या दुकानात आला आणि चाळीस लाख माणसे ते खाऊ लागली. मे महिन्यातले मृत्यू अकरा हजारांवरून तीनशेवर आले, आणि उन्हात काम करायचे तर तेल घेतल्याचा दाखला सक्तीचा झाला.

२०४८ च्या फेब्रुवारीत प्रद्योत एका सकाळी मापनशाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. निमकर्डे बाहेर आले तेव्हा तो उन्हाच्या पट्ट्यात हात पसरून, एखाद्याने पापड वाळत घालावेत तसे तळवे वर करून उभा होता.

"काय करून राहिले बाबा?" प्रद्योतने विचारले.

"'काय करत आहात.' कामावर का नाहीस?"

"घरी बसवलं. हातातून पाना सुटला. साठ फुटांवरून." तो हसल्यासारखे करून म्हणाला, "खाली सुदाम होता. त्याच्या टोपीला चाटून गेला. तो म्हणतो, साहेब, राग होता तर तोंडानं सांगायचं न."

"लक्ष कुठे होतं?"

"लक्ष पान्यावरच होतं. पाना हातात आहे हे मला डोळ्यांनी दिसत होतं, हाताला कळत नव्हतं. सकाळी दोन-तीन तास असंच होतं. ऊन चढलं की येतं परत. डॉक्टर म्हणतात जीवनसत्त्व कमी आहे." मग म्हणाला, "थिजणांक मोजता का माझा?"

निमकर्डे यांनी मोजला. रक्त काढले, पेशींची आवरणे धुऊन वेगळी केली, नमुना साठ अंशांवर दहा मिनिटे ठेवला, मग निववत नेला. १९.४१. सात वर्षांपूर्वीच्या अहवालापेक्षा एक शतांश अधिक.

"काहीही झालेलं नाही," त्यांनी व्हरांड्यात येऊन सांगितले.

"मग हात खोटं बोलतो?"

"हात हे मापनाचं उपकरण नव्हे."

आपल्या हाताकडे, दुसऱ्या कुणाचे सामान सांभाळायला दिले असावे अशा नजरेने पाहत, प्रद्योत पायऱ्या उतरला.

*

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नमुने साठ अंशांवर नेणारी तापनपेटी बंद पडली. निमकर्डे तीन दिवस नागपूरला गेले होते. परत आले तेव्हा त्यांची सहकारी संघमित्रा वानखडे हिने सव्वाशे नमुन्यांचे तक्ते त्यांच्या टेबलावर ठेवले होते आणि ती स्वतः दाराशी उभी होती.

"पेटी बंद होती, मग हे कशावर केलंत?"

"पेटीशिवाय केलं, सर."

"पूर्वस्मृती न पुसता?"

"महिनाअखेरचे नमुने होते न सर. ठेवले असते तर नासले असते. मला वाटलं, काहीच नसण्यापेक्षा…"

"वानखडेबाई, काहीच नसणं हे प्रामाणिक असतं. हे सव्वाशे आकडे म्हणजे सव्वाशे अफवा आहेत." त्यांनी तक्ते उचलले. "सातवं कलम वाचलं आहे ना?"

"पाठ आहे, सर. तुम्हीच घोकून घेतलं." ती दारातून पुढे आली. "टाकून द्या पायजे तर. पण अफवा असत्या तर कशाही असत्या. ह्या रांगेनं उभ्या आहेत. एकदा बघून घ्या अन् मग टाका."

निमकर्डे उभ्या उभ्याच वाचू लागले. मग बसले. संघमित्राने नमुने लावले होते ते तेल किती उन्हाळे खाल्ले त्या क्रमाने. एक उन्हाळा: २१.१. दोन: २२.९. तीन: २४.८. चार: २६.९. पाच: २९.२. सहा: ३१.८. कुठे एखाद्या दशांशाची चूक होती. उलट चाल कुठेही नव्हती.

त्यांना अर्थ कळायला पाच मिनिटे लागली आणि पटायला तीन दिवस. प्रत्येक उन्हाळ्यात पेशीचे आवरण गळण्याच्या सीमेपर्यंत जाऊन परत येते. परत येताना सरळ साखळ्या एकमेकींना शोधतात आणि गटाने बसतात. दरवर्षी गट थोडे मोठे होतात, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी आणखी साखळ्या येऊन मिळतात. थोडक्यात, माणसाच्या पेशींत रवा पडत होता. निमकर्डे यांनी सात वर्षे, हजारो नमुन्यांत, मोजण्याआधी तो रवा साठ अंशांवर काळजीपूर्वक वितळवून टाकला होता, आणि उरलेल्या स्वच्छ, निरागस द्रवाचा अंक दुसऱ्या दशांशापर्यंत अचूक लिहिला होता.

"साठ अंशांना पुसलं जातं, म्हणजे उपाय आहे न सर?" संघमित्राने चौथ्या दिवशी विचारले.

"नळीला साठ अंश चालतात," निमकर्डे म्हणाले.

तक्त्यात सात उन्हाळ्यांचा नमुना नव्हता. पहिल्या तुकडीत बेचाळीस माणसे होती. त्यांतल्या कुणाला बोलवायचे, हे त्यांनी पुढे ढकलले.

*

उष्मासंरक्षण आयुक्त श्रीमती अनुराधा गद्रे यांनी या नव्या आकड्यांचा अहवाल पूर्ण वाचला होता, हे त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळले. पडद्यावर त्या थकलेल्या दिसत होत्या.

"हा अंक सदतीसला पोचला, म्हणजे?"

"सदतीस हे हृदयाचं तापमान आहे."

"तेल आज थांबवलं तर?"

"रक्तातल्या पेशी चार महिन्यांत बदलतात, पण अस्थिमज्जेतून रव्याचा आराखडा घेऊनच येतात; तेल थांबलं तर तो हळूहळू पुसट होईल. मज्जातंतू आणि हृदयाचे स्नायू आपली आवरणं इतक्या सहज बदलत नाहीत. तिथला रवा राहील. वाढायचा मात्र थांबेल."

"आणि मे महिन्यात यांना ऊन सोसेल?"

"सैल पडणाऱ्या पेशी पुन्हा सैल पडू लागतील. नाही."

"म्हणजे तेल थांबवलं तर माणसं या मेमध्ये मरतील, आणि नाही थांबवलं तर पुढच्या कुठल्या तरी मेमध्ये. बरोबर समजले ना मी?" निमकर्डे यांनी मान हलवली. "निमकर्डे, या मेमध्ये मरणारी माणसं मला मोजता येतात. अकरा हजार, मागे मोजली आहेत. तुमची मला मोजताच येत नाहीत. विधी विभागानं अहवाल परत पाठवला आहे. त्यावर एकच ओळ आहे: कलम सात."

"ते कलम चुकीचं आहे."

"ते तुम्ही लिहिलंत."

"म्हणूनच मला सांगण्याचा अधिकार आहे."

"तुम्हाला आठवत असेल, तिसऱ्या बैठकीत मी कनिष्ठ अधिकारी म्हणून टिपण घेत होते. कुणीतरी विचारलं, अपवाद ठेवू या का? तेव्हा तुम्ही म्हणालात, ज्या नियमाला अपवाद लागतो तो नियम नव्हे, ती विनंती असते. मला फार आवडलं होतं ते वाक्य. अजून लोकांना ऐकवते." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझी आई खाते हे तेल. चार वर्षं झाली. सव्वीस पूर्णांक नऊ, नाही का?"

आयुष्यात निमकर्डे यांना प्रत्येक वादात उत्तर सापडले होते. या वादातली दुसरी बाजूही त्यांनीच आधी मांडून ठेवली होती.

*

एप्रिलच्या अठरा तारखेला त्यांनी मापनशाळेचे वातानुकूलन बंद केले. एकतीस वर्षांत प्रथमच. संघमित्राने कारण विचारले नाही. तिने खिडक्यांच्या फटींतले कापसाचे बोळे काढले, कपाटातला प्रमाणित तुपाचा नमुना, जो कधीही हलवायचा नसतो, तो टेबलावर आणून ठेवला आणि ती घरी गेली. दुपारपर्यंत खोली चौतीस अंशांवर आली. तूप कडेने पातळ झाले होते. निमकर्डे यांनी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

प्रद्योत आला तो बाहेरच्या चव्वेचाळीस अंशांतून, घामाने निथळत, अगदी धडधाकट. फाटकाची कडी त्याने एका झटक्यात उघडली. आत पाऊल टाकून तो थबकला.

"अरे वा. इथं उकडतं?"

"तुझ्यासाठी."

"पंचवीस वर्षांपूर्वी केलं असतं तर मी इथं अभ्यास केला असता. आईनं कितीदा म्हटलं होतं, पोराला तिकडे नेऊ नका, गारठतं ते."

निमकर्डे यांनी त्याचे रक्त काढले. त्यांना सगळे सांगायचे होते, त्यासाठी त्यांनी वाक्ये जुळवली होती, पण नमुना धुऊन, निववायला लावून ते वळले तेव्हा प्रद्योतच म्हणाला, "संघमित्राताईंनी सांगितलं मला. रागावू नका त्यांना. मीच खोदून विचारलं."

"किती सांगितलं?"

"सदतीसपर्यंत सगळं." तो स्टुलावर बसला. "एक विचारू? मी विचारलं तेव्हा, घेऊ का म्हणून, तेव्हा तुम्हाला शंका होती काही?"

"नव्हती."

"दुसऱ्या दशांशालासुद्धा नव्हती?"

"नव्हती."

"मग झालं," प्रद्योत म्हणाला. "शंका असून दिलं असतं तर भांडायला तरी मिळालं असतं."

यंत्र मिनिटाला अर्धा अंश उतरत होते. दोघे नळीकडे पाहत बसले. बोलण्यासारखे पुष्कळ होते आणि प्रत्येक विषय त्या नळीपाशीच येऊन थांबत होता. प्रद्योतने विषय बदलावा म्हणून सुदामचे सांगितले: त्याचा सहावा उन्हाळा, त्यालाही आता सकाळी बिडी कुठवर जळत आली ते कळत नाही. एकोणचाळीसवरून निघालेले यंत्र सदतीसच्या खाली आले, तसा निमकर्डे यांनी श्वास सोडला. दोन मिनिटांनी नळी धुरकटली.

पडद्यावर ३५.८६ असा अंक उभा राहिला.

सहा उन्हाळ्यांना ३१.८. त्या चढणीवरून सातव्यासाठी त्यांनी पस्तीसच्या थोडा खालचा अंक मनाशी धरला होता. पण आठवा उन्हाळा सुरू होऊन सहा आठवडे झाले होते, आणि या सहा आठवड्यांनी आपला वाटा आधीच घेतला होता. मे महिना अजून यायचा होता. शिवाय माणसाचे शरीर सदतीसवर स्थिर नसते. पहाटेच्या झोपेत ते आपणहून अर्धा-पाऊण अंश खाली उतरते. ही वजाबाकी निमकर्डे यांनी केली नाही. ती त्यांच्या मनात आपोआप झाली.

"किती?" प्रद्योतने विचारले. पडद्याची बाजू त्याला दिसत नव्हती.

"पस्तीस…" निमकर्डे म्हणाले, आणि थांबले. "छत्तीसच्या आसपास."

लहानपणी ज्वराने फणफणलेल्या रात्रीसुद्धा ज्या माणसाने प्रद्योतला 'बराच ताप आहे' असे कधी म्हटले नव्हते, त्या माणसाच्या तोंडून त्याने हा शब्द पहिल्यांदा ऐकला होता.

"आसपास," तो म्हणाला.

"हो."

"बरं."

बाहेर व्हरांड्याच्या पत्र्यावर ऊन तडकत होते. टेबलावरचा प्रमाणित नमुना आता तळापर्यंत पातळ झाला होता, आणि तो इतका स्वच्छ होता की बरणी रिकामी भासत होती. प्रद्योत त्या बरणीकडे पाहत म्हणाला, "खोली तुम्ही चौतीसवर आणलीत न?"

"चौतीस पूर्णांक दोन."

"हां, असं बोला." तो किंचित हसला. "हे पुरेल असं वाटलं होतं तुम्हाला?"

निमकर्डे यांना प्रश्न लगेच कळला नाही. मग प्रद्योतने बोटाने दाखवावे तसे नजरेने खाली दाखवले. टेबलाच्या कडेला त्याचा उजवा हात होता आणि त्यावर निमकर्डे यांनी केव्हाचे आपले दोन्ही हात घट्ट दाबून धरले होते.

"केव्हापासून धरलाय, बाबा?" प्रद्योतने विचारले. "मला आत्ता दिसला."